ड्रमच्या मागचा होकार

ट्रेनिंग म्हटलं की माझं डोकं उठतं. बाहेरगावाहून एक पांढरे बूट घातलेला माणूस येतो, मोठ्या मोठ्या माणसांना फुगे फुगवायला लावतो, वर्तमानपत्राच्या एका कागदावर सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करतो आणि संध्याकाळी टाळ्या वाजवून सांगतो की आता तुम्ही टीम झालात. डोंबलाची टीम! आमची माणसं एका ताटात जेवणारी. त्यांना कागदावर उभं राहायला शिकवायचं?

मी आमच्या शेतकरी कंपनीच्या हळद युनिटची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काय, तर सकाळी कुलूप उघडणारी, संध्याकाळी कुलूप लावणारी आणि मधल्या वेळात सगळ्यांवर ओरडणारी. हिंगोलीजवळ पुसेगावच्या रस्त्याला आमची शेड आहे. शेतकरी हळद आणतात, आम्ही ती बॉयलरमध्ये शिजवतो, ओट्यावर वाळवतो आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवतो. आमचे चेअरमन कुठल्याशा मीटिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "मॅडम, संस्था वाढवायची तर आधी माणसं घडवावी लागतात." एरवी मी त्यांना चार शब्द ऐकवले असते. ह्या वेळी मुकाट हो म्हटलं. कारण तोवर आमच्या शेडमध्ये एका पोरीचा जीव दोनदा जाता जाता वाचला होता. तिसऱ्यांदा तो वाचेल, अशी खात्री मला वाटत नव्हती. आणि हे का होतंय, ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

ती पोरगी म्हणजे याडीची सून. आता याडी कोण, ते आधी सांगते.

आमचा पॉलिशचा ड्रम एखाद्या खोलीएवढा आहे. त्याच्या पुढच्या अंगाला स्विच, आणि मागच्या अंगाला पट्टा आणि दातेरी चाक. जाळीत हळकुंडं अडकतात, खाली पिवळी भुकटी साचते, म्हणून प्रत्येक फेरीआधी एकानं मागं बसून ते सगळं साफ करावं लागतं. स्विचवरून मागचं माणूस दिसत नाही. मधे ड्रम. म्हणून आमच्याकडं हाळीची पद्धत पडली. कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण स्विच टाकायच्या आधी मामू मोठ्यानं ओरडायचा, "हाय का बराबर?" मग माल भरणारे म्हणायचे, "व्हय." बॉयलरवाला म्हणायचा, "व्हय." आणि सगळ्यांत शेवटी ड्रमच्या मागून याडीचा होकार यायचा, "व्हय रे बाबा." म्हणजे ती पट्ट्यापासून लांब सरली, हात पदरात घेतले. तो आवाज आला की मामूचा हात आपोआप स्विचवर पडायचा.

मामू म्हणजे आमचा मोटारीचा माणूस. हिंगोलीत त्यांचं बापजाद्यापासून मोटार वायंडिंगचं काम. युनिट उभं राहिलं तेव्हापासून स्विचला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. आणि याडी तांड्यावरची. तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिची पोरं तिला याडी म्हणायची, ते ऐकून आम्हीही म्हणायला लागलो, आणि ती खरोखरच सगळ्यांची आई होऊन बसली. माझी सुद्धा. बाई, कसली खमकी! चेअरमन एकदा ड्रमजवळ सिगारेट पेटवायला निघाले, तर त्यांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली आणि कमरेला खोचली. आवाज घोगरा, हळदीच्या भुकटीनं घसा कायमचा बसलेला. पण शेडच्या कोपऱ्यातून बोलली तरी रस्त्यावर ऐकू जायचा.

ती गेली ती घरी, तापानं. भर हंगामात. आम्ही सगळे मातीला जाऊन आलो आणि दुपारून ड्रम सुरू केला, कारण शिजवलेली हळद वाळून पडली होती आणि शेतकरी दारात बसले होते. बसून रडायला वेळ कुणाला होता?

थोड्याच दिवसांत तिची सून तिच्या जागी कामाला आली. ती स्वतःच आली होती. नवरा ऊसतोडीला जायचा, हिला जायचं नव्हतं, लेकरू शाळेत घातलेलं. म्हणाली, "मॅडम, मला तीच जागा द्या. काम मला याडीनं दाखवलेलं हाय." बारीक चणीची, खाली मान घालून बोलणारी. सासूच्या तोंडापुढं कुणाचं काय चालणार! तांड्यावर कुणी हिला काही विचारलं तरी उत्तर सासूच द्यायची, असं ऐकून होते. मी दिली जागा.

पहिल्यांदा झालं ते असं. मामूनं हाळी दिली, सगळ्यांचे होकार आले, ड्रम सुरू झाला आणि मागून किंकाळी. मामूनं झटक्यात बंद केला. आम्ही पळालो. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी, ओढणीचं टोक पट्ट्यात गेलेलं, फाटलेलं. मी आधी तिलाच झापलं.

"अगं, हात काढला नव्हता तर व्हय काहून म्हणालीस?"

"मी न्हाई म्हणाले," ती म्हणाली. "मी काहीच बोलले न्हाई मॅडम. मी अजून झाडूनच राहिले होते."

"खोटं बोलू नको. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

आणि ऐकलं होतंच ना! मामूनं ऐकलं होतं, बॉयलरवाल्यानं ऐकलं होतं, ऑफिसच्या दारातून मी ऐकलं होतं. सगळे छातीवर हात ठेवून सांगायला तयार. एकटी पोरगी एकीकडं आणि सगळं युनिट एकीकडं. ती गप्प बसली. तिला सवय होती गप्प बसायची.

दुसऱ्यांदा बांगड्या गेल्या. मनगटावर दात्याचा ओरखडा, लांबलचक, लालभडक. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. बोटभर आत असती तर पंजाच गेला असता. ह्या वेळी ती रडली नाही. मामूकडं बघून म्हणाली, "मामू, मी आज पण न्हाई बोलले." मामूचा चेहरा पांढराफटक. त्या दिवशी तो जेवला नाही. "कसम से मॅडम, आवाज आला," तो मला परत परत म्हणत होता. "कान खराब झाले का माझे? एवढी तकलीफ त्या लेकराला माझ्या हातून?"

मी तिला म्हटलं, तू ओट्यावर वाळवणीला जा, मागं दुसरं कुणी बसवते. तर ती हटली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणत असावी अशी नाही म्हणाली. "ही माझी जागा हाय. मी काहून जाऊ?" आणि दुसरं बसणार तरी कोण? दोन्ही वेळा सगळ्यांनी पाहिलेलं. त्या बाजूला झाडू टाकायला सुद्धा कुणी जाईना. मामूला मी सांगितलं, हाळी झाली की आधी मागं जाऊन डोळ्यांनी बघ, मग स्विच टाक. तो जायचाही. पण घाईच्या वेळी, होकार आला की पाय निघायच्या आधीच त्याचा हात स्विचकडं निघायचा. स्वतःच दचकून हात मागं घ्यायचा. रोज सकाळी कुलूप उघडताना माझ्या मनात एकच यायचं, आज संध्याकाळी ही पोरगी दोन हातांनी घरी जाऊ दे.

अशात ट्रेनर सर आले. बूट होतेच, पांढरेच. पहिल्या दिवशी फुगेही झाले, कागदही झाले. बॉयलरवाला कागदावरून पडला आणि सगळे खो खो हसले. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून तोंड वाकडं करून बसले होते. पण एक सांगते, माणूस वाईट नव्हता. बोलण्यापेक्षा बघायचा जास्त. जेवायच्या सुट्टीत कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरून आणलेल्या भाकरी सगळ्यांबरोबर खाली बसून खाल्ल्या, आणि मग ड्रमची एक फेरी लांबून उभं राहून पाहिली. मला म्हणाले, "मॅडम, तुमची टीम फार चांगली आहे. मी इतकी चांगली टीम कमी पाहिली. कुणाला काही सांगावंच लागत नाही."

मी म्हटलं, "मग कशाला आलात?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "ती मागं बसणारी मुलगी अजून टीममध्ये आलेली नाही. तिच्याकडं कुणी बघत नाही. तुम्ही पण नाही."

मला राग आला. पण चहाच्या वेळी ते तिच्याशी बोलत बसलेले मी पाहिले. ती मनगट दाखवून सांगत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते. कुणाचं बोलणं मधेच न तोडता ऐकणारा माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना आपापल्या जागी उभं केलं. म्हणाले, रोजची हाळी द्यायची, पण डोळे बांधून. कुणी गमछा बांधला, कुणी ओढणी. मलाही सोडलं नाही, ऑफिसच्या दारात उभं करून माझ्याच पदराची पट्टी डोळ्यांवर घ्यायला लावली. शेडची वीज त्यांनी मीटरजवळून आधीच बंद केली होती, ते नंतर कळलं.

दुपारची वेळ. बॉयलर थंड, रस्त्यावर वाहन नाही. पंखेही थांबलेले. पदराआडून सुद्धा मला सगळं पिवळं पिवळं दिसत होतं, कारण हंगामात आमच्या शेडमधला उजेडच पिवळा असतो. भुकटी हवेत तरंगत राहते आणि जिभेवर कडू लागते. मला उगाच घसा खाकरावासा वाटला, पण खाकरले नाही.

"हाय का बराबर?" मामू ओरडला.

"व्हय," भरणारे म्हणाले.

"व्हय," बॉयलरवाला म्हणाला.

मग जरा थांबून, ड्रमच्या मागून, होकार आला. मामूच्या हातानं स्विच खट्‌कन वाजला. वीज नसल्यामुळं ड्रम हलला नाही.

"डोळे सोडू नका," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता. "प्रत्येकानं मला कानात सांगायचं. शेवटचा होकार काय आला? जसाच्या तसा शब्द सांगा."

ते एकेकाजवळ गेले. माझ्याजवळ आले तेव्हा मी सांगितलं. काय ऐकलं ते मला स्पष्ट आठवत होतं, घोगऱ्या आवाजासकट. शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मग मला कळलं की मी काय बोलले.

"आता सोडा," सर म्हणाले.

आम्ही डोळे उघडले. याडीची सून शेडच्या पुढच्या दारात, सगळ्यांच्या समोर उभी होती. हात ओले. सरांनी तिला बाहेरच्या हौदावर पाठवलं होतं, हाळी सुरू व्हायच्या आधीच. ड्रमच्या मागं कुणी नव्हतं. बॉयलरवाला धावत जाऊन बघून आला. झाडू तेवढा पडलेला.

"तुम्ही सगळ्यांनी मला एकच सांगितलं," सर हळू म्हणाले. "व्हय रे बाबा."

अहो, सून मामूला 'रे बाबा' म्हणेल का कधी? बापाच्या वयाचा माणूस! ती 'व्हय मामू' म्हणेल. पहिल्या दिवसापासून ती 'व्हय मामू'च म्हणत होती, हे तेव्हा आम्हाला आठवलं. पण तिचा होकार यायच्या आधी एक होकार येऊन गेलेला असायचा, आणि आम्ही तोच ऐकायचो. एवढे दिवस रोज आम्ही मेलेल्या बाईचं ऐकून जिवंत बाईवर ड्रम सोडत होतो. आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एकच गलका झाला. बॉयलरवाल्याला लिंबू कापायचा होता. भरणाऱ्यांपैकी एक बाई म्हणाली, तिचं काही मागणं राहिलं असंल. मामू खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मी फातेहा पढतो तिच्या नावानं. पढतो मी." मी सरांकडं बघितलं. मला वाटलं आता हे पुस्तकी बोलतील, मनाचे खेळ वगैरे. तर तेही घाम पुसत होते.

"मी पण ऐकलं," ते म्हणाले. "माझे डोळे उघडे होते."

मग म्हणाले, "ते काय आहे मला माहीत नाही मॅडम. मी एवढंच सांगू शकतो, की जुनी, एकजीव झालेली टीम न बोललेलं सुद्धा ऐकते. तिची ताकद तीच आणि धोकाही तोच. नवं माणूस आलं की त्याचं काही कानावर पडतच नाही. मी संस्थांना सांगत फिरतो की एकमेकांवर विश्वास ठेवा. इथं मला उलटं सांगावं लागेल. कानांवर विश्वास ठेवू नका."

त्यांनी एक सोपी पद्धत घालून दिली. मागं साफ करायला जाणाऱ्यानं आधी मोटारीचा फ्यूज काढून स्वतःच्या जवळ घ्यायचा. काम झालं की पुढं यायचं, आणि फ्यूज मामूच्या हातात द्यायचा. ड्रम फिरत असताना मागं कुणी बसायचंच नाही. होकाराची गरजच नाही. इतकं साधं! आम्हाला का सुचलं नव्हतं, ते मला अजून कळत नाही. संध्याकाळी सर गेले. जाताना टाळ्या वाजवल्या नाहीत, आम्ही टीम झालो असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं फ्यूज काढला, कमरेला खोचला, मागं जाऊन साफ केलं, पुढं येऊन मामूसमोर उभी राहिली. फ्यूज तिच्या हातात. आता नुसता घ्यायचा आणि बसवायचा. पण मामूचा हात पुढं येईना. इतक्या वर्षांची सवय, हाळीशिवाय त्याचं अंगच हलेना. त्यानं ओरडायला नको होतं. ओरडला.

"हाय का बराबर?"

आणि आम्ही मूर्खासारखे आपापल्या जागेवरून व्हय म्हणालो. मीही मनात म्हटलं.

सून आमच्या डोळ्यांसमोर होती. तोंड मिटलेलं. आणि ड्रमच्या मागून, लख्ख सकाळच्या उन्हात, घोगरा होकार आला. नेहमीसारखाच. घाई नाही, राग नाही. काम मन लावून करणाऱ्या बाईचा.

कुणी जागचं हललं नाही. सून हलली. फ्यूज परत कमरेला खोचला आणि एकटीच मागं गेली. आम्हाला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होतं. ती कधी नव्हे ते मोठ्यानं बोलत होती.

"याडी, उठा आता. ही जागा माझी हाय."

मग थोडं थांबली. मागून काही ऐकू आलं नाही, पण ती कुणाचं तरी ऐकून घेत असावी तशी थांबली होती.

"लग्न होऊन आले तवापासून माझ्या वाटचं तुमीच बोलल्या. मी काही म्हणाले न्हाई. पण हितं तुमी व्हय म्हणल्या की माझा हात जातो, याडी. बघा हे मनगट. माझं लेकरू हाय, तुमचाच नातू हाय." तिचा आवाज फाटला. "तुमी गेल्या. तुमाला कुणी सांगितलं न्हाई का? तुमी तापानं गेल्या. आमी तुमाला माती दिली. ही सगळी मंडळी आली होती मातीला. काम राहिलं न्हाई तुमचं आता. मी करून राहिले. चला, उठा."

नंतर पैंजणांचा आवाज आला आणि ती बाहेर आली. एकटीच होती. पण ड्रम आणि भिंतीच्या मधल्या बोळातून ती बाहेर पडल्यावर सगळे थोडे मागं सरले, वाट देत. मामू सरला, बॉयलरवाला सरला. मोठं माणूस जवळून जाताना बाई जसा पदर सावरते तसा मी सावरला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामूनं परत हाळी दिली. ह्या वेळी हळू, विचारल्यासारखी. आमचे होकार झाले. मग आम्ही थांबलो. किती तरी वेळ थांबलो. मागून काहीच आलं नाही. चिमणी पत्र्यावर नखं वाजवत फिरत होती, तेवढाच आवाज.

आधी मामूला हुंदका फुटला. मग बॉयलरवाल्याला, मग त्या बायांना. मीही ऑफिसच्या पायरीवर बसून रडले, मोठ्यानं, लाज सोडून. मातीला गेलो होतो तेव्हा आमच्यातलं कुणी रडलं नव्हतं. याडी गेली, हे आम्हाला त्या सकाळी कळलं.

सून रडली नाही. आमचं होईपर्यंत ती फ्यूज हातात धरून उभी राहिली. मग पुढं होऊन तो तिनं मामूच्या तळहातावर ठेवला.

"मामू, मी हिकडं हाय," ती म्हणाली. "माझ्याकडं बघा. बघा, अन् मगच टाका."

मामूनं डोळे पुसले. तिच्याकडं बघितलं. तिच्या दोन्ही हातांकडं बघितलं. मग फ्यूज बसवला आणि स्विच टाकला.